तीन घरे, चार पक्ष आणि पहिला रुपया : २०२० मधील एका साखळी व्यवहाराचे प्रकरण

प्रकरणाविषयी

हा व्यवहार पुण्यात ऑगस्ट २०२० ते जानेवारी २०२१ या काळात झाला. त्यात तीन सदनिका होत्या, चार पक्ष होते आणि शिवाय दोन वित्तसंस्थांची संमती लागणार होती. पक्षकारांची ओळख पटू नये म्हणून सोसायट्या, बँका आणि संस्था यांची नावे वगळली आहेत आणि रकमा पूर्ण लाखांत मांडल्या आहेत. समन्वयाचे काम माझ्याकडे होते. दस्तांची बाजू एका वकिलांनी आणि कराची बाजू एका सनदी लेखापालांनी सांभाळली.

मंदीत घर विकले गेले नाही की आपण लगेच भाव कमी करण्याविषयी बोलू लागतो. या प्रकरणात चौघांच्याही मागण्या वाजवी होत्या आणि भावांतला फरक मिटण्याजोगा होता. अडचण अशी होती की प्रत्येकाचा पैसा दुसऱ्याकडे अडकला होता आणि साखळीत पहिली रक्कम कोणी टाकायची हे ठरत नव्हते. म्हणून भावाच्या घासाघिशीपेक्षा पैशाच्या क्रमाची चर्चा येथे अधिक विस्ताराने केली आहे.

पार्श्वभूमी

पुण्याचा घरबाजार केवळ टाळेबंदीने थंडावला असे म्हणता येणार नाही. ८ नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी, १ मे २०१७ पासून रेराची (घरखरेदीदारांना संरक्षण देणाऱ्या स्थावर मालमत्ता कायद्याची) पूर्ण अंमलबजावणी आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर हे तीन बदल आठ महिन्यांच्या आत एकापाठोपाठ आले. रेराने ग्राहकाला जे संरक्षण दिले ते आवश्यकच होते. पण एका प्रकल्पाचा पैसा दुसऱ्या प्रकल्पात फिरवून तग धरणाऱ्या छोट्या विकसकांची ती वाट त्यामुळे बंद झाली. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस या पायाभूत सुविधांना वित्तपुरवठा करणाऱ्या समूहाने देणी थकवल्यानंतर बिगरबँक वित्तसंस्थांनीही हात आखडता घेतला. २५ मार्च २०२० पासून देशव्यापी टाळेबंदी लागू झाली, तेव्हा अनेक छोटे विकसक तयार पण न विकलेल्या सदनिका आणि वाढते व्याज घेऊन बसले होते.

त्याच वर्षी दोन गोष्टी खरेदीदाराच्या बाजूने घडल्या. रिझर्व्ह बँकेने २२ मे २०२० रोजी रेपो दर ४ टक्क्यांवर आणला आणि गृहकर्जाचे व्याज ७ टक्क्यांच्या आसपास आले. राज्य सरकारने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या काळासाठी मुद्रांक शुल्कात ३ टक्क्यांची आणि पुढे ३१ मार्च २०२१ पर्यंत २ टक्क्यांची सवलत जाहीर केली. त्यामुळे पुणे महापालिकेच्या हद्दीत स्थानिक अधिभारासह ६ टक्के भरावे लागणारे शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत ३ टक्क्यांवर आले. व्याज उतरल्याचा फायदा मात्र सर्वांना झाला नाही. मुदत ठेवींवर जगणाऱ्या निवृत्तांचे उत्पन्न त्याच कारणाने घटले आणि या प्रकरणाची सुरुवात अशाच एका घरातून झाली.

चार पक्ष आणि त्यांची अडचण

पहिला पक्ष सत्तरी ओलांडलेले एक दांपत्य. कोथरूडमधील १९८४ च्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांची तीन शयनगृहांची सदनिका होती. कर्ज नाही, वाद नाही, पण लिफ्टही नाही. काकूंच्या दोन्ही गुडघ्यांचा त्रास वाढला होता. "भाजीवाला खालून हाक मारतो आणि मी वरून दोरीला पिशवी बांधून सोडते. महिन्यातून एकदा डॉक्टरांकडे जायचं म्हटलं की आदल्या दिवसापासून त्या जिन्याची धास्ती," असे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले. त्यांना जवळपास लिफ्टचे छोटे घर आणि हाताशी थोडी रक्कम हवी होती. २०१९ मध्ये त्यांनी १ कोटी ३५ लाख रुपये अपेक्षा धरली होती. ऑगस्ट २०२० मध्ये एका गुंतवणूकदाराने पंधरा दिवसांत सगळे पैसे देण्याच्या बोलीवर ९८ लाख देऊ केले होते.

दुसरा पक्ष एका भागीदारी संस्थेतील विकसक. कर्वेनगर परिसरातील त्याच्या इमारतीला पूर्णत्वाचा दाखला २०१७-१८ मध्येच मिळाला होता, पण काही सदनिका पडून होत्या आणि त्यांवर एका बिगरबँक वित्तसंस्थेचा बोजा होता. दोन शयनगृहांच्या सदनिकेची यादीतील किंमत ८६ लाख होती. पूर्णत्वाच्या दाखल्यानंतर दोन वर्षे उलटल्यामुळे आयकर कायद्यानुसार न विकलेल्या सदनिकांवर काल्पनिक भाड्याचे, म्हणजे भाडे येत नसतानाही आले असे मानून, करपात्र उत्पन्नही आता धरले जाणार होते. म्हणजे सदनिका रिकामी ठेवण्याचा खर्च दर महिन्याला वाढत होता.

तिसरा पक्ष चौकोनी नोकरदार कुटुंब. वारज्यात त्यांची एक शयनगृहाची सदनिका होती आणि तिच्यावरील जुने कर्ज ७ लाख उरले होते. दोघेही घरून काम करत होते, मुलांची शाळा मोबाइलवर भरत होती आणि एकाचा पगार पाव हिश्शाने कापला गेला होता. बँक ५८ लाखांपर्यंत नवे कर्ज देण्यास तयार होती. त्यांना मोठे घर हवे होते आणि तीन जिने चढण्याची तयारी होती. मात्र जुने घर विकल्याशिवाय नव्यासाठी स्वतःचा हिस्सा उभा राहत नव्हता.

चौथा पक्ष लोखंड-सिमेंटचा पुरवठादार. विकसकाकडे त्याचे ४६ लाख दोन वर्षांपासून थकले होते. थकबाकीच्या बदल्यात विकसकाने पुरवठादाराला सदनिका देणे हा बांधकाम व्यवसायात नेहमीचा प्रकार आहे, आणि विकसकाने तसे सुचवलेही होते. पण ८० लाखांच्या घरात या पुरवठादार शेठना रस नव्हता, कारण वरचे ३४ लाख त्यांच्याकडे नव्हते.

साखळी कशी दिसली

या चौघांपैकी विकसक आणि पुरवठादार सोडले तर कोणी कोणाला ओळखत नव्हते. मी प्रत्येकाला एकच गोष्ट विचारली : घर विकून आलेल्या पैशांचे तुम्ही नेमके काय करणार आहात? किंमत किती हवी, हा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला. किमतीवर बोलणे सुरू झाले की माणूस आकड्याला चिकटून बसतो. गरज विचारली की तो वस्तूविषयी, जागेविषयी, वेळेविषयी बोलतो, आणि व्यवहाराचे सांधे तेथेच सापडतात. काका-काकूंना पैसे हवे होते ते बहुतांशी दुसरे घर घेण्यासाठी. विकसकाला हवे होते ते पुरवठादाराचे आणि वित्तसंस्थेचे देणे फेडण्यासाठी. शेठना त्यांची थकबाकी वसूल झाली तर त्या रकमेत भाड्याने देण्याजोगे छोटे घर चालणार होते. त्यांचे गोदाम वारज्याजवळच असल्याने तिथले घर त्यांच्या नजरेखाली राहणार होते.

हे सर्व एका कागदावर बाणांनी काढले तेव्हा वर्तुळ पूर्ण झाले. कोथरूडचे घर नोकरदार कुटुंबाकडे, वारज्याचे घर पुरवठादाराकडे आणि कर्वेनगरचे घर काका-काकूंकडे जाणार होते. बाहेरून येणारा नवा पैसा म्हणजे कुटुंबाचे ५८ लाखांचे गृहकर्ज आणि त्यांची थोडी बचत, एवढाच होता. बाकी सारी जुनी देणी-घेणी एकमेकांत मिटत होती.

भाव ठरवताना एक बाब सर्वांना स्पष्ट सांगावी लागली. अदलाबदलीत प्रत्येकजण आपली वस्तू चढ्या भावाने धरतो आणि समोरच्यालाही तसे करू देतो, कारण खिशातून जातो तो फक्त फरक. पण मुद्रांक शुल्क, टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा आयकर), भांडवली नफा आणि बँकेचे मूल्यांकन हे सर्व पूर्ण किमतीवर चालते, फरकावर नाही. म्हणून तिन्ही घरांचे भाव त्या वेळी रोखीच्या गिऱ्हाइकाकडून वाजवी मुदतीत मिळू शकतील असेच धरले : कोथरूड ११२ लाख, कर्वेनगर ८० लाख, वारजे ४४ लाख. तिन्ही किमती शासनाच्या रेडी रेकनरपेक्षा, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी ठरवलेल्या किमान दरांपेक्षा, जास्त होत्या. पूर्ण रक्कम बँकेतून जाईल, रोखीचा एक रुपयाही नसेल, हेही त्याच बैठकीत ठरले. विकसकाने थोडी रक्कम "वेगळी" घेण्याचा विषय काढला, तो वकिलांनी तेथेच थांबवला.

पहिला निर्णय : दस्त कोणता

सर्वांच्या मनात प्रथम अदलाबदल दस्ताचा पर्याय आला. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ११८ मध्ये अदलाबदलीची व्याख्या आहे. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुसूचीतील अनुच्छेद ३२ नुसार अशा दस्तावर दोन मालमत्तांपैकी जास्त किमतीच्या मालमत्तेवरच शुल्क लागते. दोन घरांमागे एकदाच शुल्क, ही गोष्ट ऐकायला फार आकर्षक वाटते.

आकडे मांडल्यावर चित्र बदलले. कुटुंब आणि काका-काकू यांच्यात पहिली अदलाबदल झाली असती तर शुल्क ११२ लाखांवर लागले असते. मग वारज्याचे घर हाती आलेल्या काका-काकूंनी ते विकसकाला देऊन कर्वेनगरचे घर घेतले असते, तर ८० लाखांवर. शेवटी विकसकाने वारज्याचे घर पुरवठादाराला विकले असते, तर ४४ लाखांवर. तीन स्वतंत्र विक्रींवरही नेमके ११२, ८० आणि ४४ लाखांवरच शुल्क लागणार होते. ३ टक्क्यांनी दोन्ही मार्गांची बेरीज ७ लाख ८ हजारच येत होती. अदलाबदलीने शुल्क वाचते ते वस्तू घेणारा ती स्वतःकडे ठेवणार असेल तेव्हा. साखळीत ती पुढे सरकणार असेल तर तो फायदा उरत नाही. येथे खरी बचत सवलतीच्या मुदतीत होती, कारण जुन्या ६ टक्क्यांच्या दराने हीच रक्कम १४ लाख १६ हजार झाली असती.

अदलाबदल दस्ताची आणखी दोन ओझी होती. कलम ११९ नुसार मालकी हक्कातील दोषामुळे एखाद्याला मिळालेली वस्तू गमवावी लागली तर त्याला नुकसानभरपाई मागता येते, किंवा दिलेली वस्तू दुसऱ्या पक्षाच्या ताब्यात असेल तर ती परत मागता येते. दोघांच्या सरळ अदलाबदलीत हे संरक्षण मोलाचे आहे. साखळीत मात्र एका घराच्या दोषाचा वाद दुसऱ्या घरापर्यंत पोहोचण्याची भीती होती. दुसरे म्हणजे कुटुंबाच्या बँकेने अदलाबदल दस्तावर कर्ज देण्यास नकार दिला. तिला पैशातील किंमत लिहिलेला नोंदणीकृत करारनामा हवा होता. म्हणून तीन स्वतंत्र विक्री करारनामे, आणि त्यांना एकत्र बांधणारे चौघांच्या सह्यांचे समझोतापत्र, असा मार्ग निवडला. समझोतापत्रात महत्त्वाचे कलम एकच होते : तिन्ही करारनामे एकाच दिवशी नोंदले गेले तरच ते बंधनकारक, एक जरी अडला तरी बाकीचे दोन नोंदवायचे नाहीत आणि कोणी कोणाला विसार द्यायचा नाही.

दुसरा निर्णय : पहिला रुपया कोणाचा

साऱ्या प्रकरणाचा गाभा येथे होता. बँक ५८ लाख देणार, पण कुटुंबाने आपल्या हिश्शाचे ५४ लाख आधी भरल्यावर. कुटुंबाचे ५४ लाख उभे राहणार ते वारज्याच्या घराचे ४४ लाख मिळाल्यावर. ते ४४ लाख पुरवठादार देणार, पण विकसकाकडून थकबाकी आल्यावर. विकसक थकबाकी देणार कर्वेनगरचे घर विकल्यावर, आणि काका-काकू ते घर घेणार कोथरूडचे पैसे आल्यावर. वर्तुळ पूर्ण होते, पण ते फिरवण्यासाठी कोणीतरी ४४ लाख थोड्या काळासाठी आधी टाकणे भाग होते.

तीन पर्याय समोर आले. विकसकाने पुढच्या तारखेचे धनादेश देऊ केले. त्याच्या खात्याची अवस्था पाहता त्यांना किंमत नव्हती. शेठ म्हणाले, "माझ्या कॅश क्रेडिटमधून चार दिवस उचल करतो, परत आले की भरून टाकू." हा पर्याय सोपा होता आणि विकसक त्याच्या बाजूने होता. लेखापालांनी तो ठामपणे नाकारला. खेळत्या भांडवलासाठी दिलेल्या मर्यादेतून घर घेणे म्हणजे निधी वळवणे. ते बँकेच्या लक्षात आले तर चांगल्या चालणाऱ्या धंद्याचे खाते अडचणीत येऊ शकते, मग मुदत चार दिवसांची असो की चार तासांची.

उरला तिसरा पर्याय, आणि तो मांडताना मला संकोच वाटत होता. काका-काकूंच्या ५० लाखांच्या मुदत ठेवी होत्या आणि त्यांवर बँक ४५ लाखांपर्यंत ओव्हरड्राफ्ट देत होती. म्हणजे चौघांत वयाने मोठे, उत्पन्नाने लहान आणि या साखळीत ज्यांच्यासाठी नुकसान सोसणे सर्वांत कठीण, त्यांनीच पहिली रक्कम टाकायची. पैसा त्यांच्याकडेच होता हे खरे. पण केवळ त्या कारणाने त्यांना पुढे करणे योग्य नव्हते. म्हणून आधी संरक्षण ठरवायचे आणि मगच त्यांना विचारायचे, असे वकिलांनी आणि मी ठरवले.

संरक्षणाची चौकट अशी होती. विकसकाच्या वित्तसंस्थेने लेखी द्यायचे की ३६ लाख तिच्या खात्यात जमा होताच कर्वेनगरच्या सदनिकेवरील बोजा उतरेल, आणि उरलेले ४४ लाख पुरवठादाराला देण्यास तिची हरकत नाही. तारण सदनिकेची पूर्ण रक्कम आपल्यालाच मिळावी, हा संस्थेचा आग्रह मोडायला पाच आठवडे लागले. दोन वर्षे न विकलेल्या घराचे ३६ लाख निश्चित तारखेला मिळणार आहेत आणि पुरवठादाराचा संभाव्य दावाही मिटणार आहे, हे पटल्यावरच पत्र आले. दुसरी अट कुटुंबाच्या बँकेबाबत होती. तिची मंजुरी तत्त्वतः नको, तर मालकी हक्काची आणि इमारतीची तपासणी पूर्ण झालेली अंतिम मंजुरी नोंदणीपूर्वी हाती हवी. हे संरक्षण काका-काकूंइतकेच कुटुंबासाठीही होते. वारज्याचे घर देऊन टाकल्यावर कर्ज नाकारले गेले असते तर त्यांचे दोन्हीकडून नुकसान झाले असते. तिसरी अट म्हणजे कुटुंबाकडून येणाऱ्या ५४ लाखांपैकी ३६ लाख काका-काकूंनी त्याच दिवशी थेट वित्तसंस्थेच्या खात्यात भरायचे. त्यामुळे नवे घर त्याच दिवशी बोजामुक्त होणार होते, जुन्याचे खरेदीखत, म्हणजे मालकी प्रत्यक्ष देणारा अंतिम दस्त, व्हायचे असल्याने त्याची मालकी आणि ताबा त्यांच्याकडेच राहणार होता आणि त्यांची बाहेर अडकलेली रक्कम ४४ लाखांवरून २६ लाखांवर येणार होती. ओव्हरड्राफ्टचे व्याज विकसकाने सोसायचे होते.

काकांनी दोन दिवस विचार केला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, आणि तो योग्य होता : "समजा सगळं फसलं, तर त्या संध्याकाळी आमच्या नावावर काय असेल?" उत्तर लिहून दिले : जुने घर मालकीचे, नवे घर बोजामुक्त आणि ठेवींवर २६ लाखांची उचल; शिवाय कुटुंबाचे ५४ लाख परत करण्याची जबाबदारी. हा शेवटचा भाग आम्ही मऊ शब्दांत मांडला नाही. जुने घर पुन्हा विकूनच ते ५४ लाख परत करता आले असते, आणि घाईत विकावे लागले तर ९८ लाखांचा गुंतवणूकदार होता त्याच भावाने. तेवढा धोका पेलण्याजोगा आहे असे त्यांनी स्वतः ठरवले.

तिसरा निर्णय : थांबायचे का

समझोतापत्रावर सह्या झाल्यानंतर, २ डिसेंबर २०२० रोजी राज्याची एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली मंजूर झाली. जुन्या सोसायट्यांच्या पुनर्विकासासाठी वाढीव चटई क्षेत्र मिळण्याची शक्यता त्यातून निर्माण झाली आणि कोथरूडमध्ये त्याची चर्चा दुसऱ्याच दिवशी सुरू झाली. काका-काकूंचा मुलगा अमेरिकेत असतो. त्याने व्हिडिओ कॉलवर स्पष्ट सांगितले, "बाबा, आत्ता विकू नका. चार-पाच वर्षांत तिथेच लिफ्टचं नवं घर मिळेल, आणि मोठं मिळेल."

त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. त्यावर तीन मार्ग तपासले. पहिला, व्यवहार सोडून देणे. दुसरा, भाव वाढवून मागणे. पण कुटुंबाच्या कर्जाची मर्यादा संपलेली असल्याने त्याचा अर्थ व्यवहार सोडणे असाच होत होता. तिसरा, भविष्यात पुनर्विकास झाल्यास मिळणाऱ्या वाढीव क्षेत्रातील काही हिस्सा काका-काकूंना देण्याचे कलम घालणे. कुटुंब त्यावर बोलण्यास तयार होते. वकिलांनी मात्र असे कलम बँकेच्या तारणावर सावली पाडेल आणि अंतिम मंजुरीच अडचणीत आणेल असे सांगितले.

निर्णय काकूंनी घेतला. पुनर्विकासाच्या काळात तीन वर्षे भाड्याच्या घरात राहावे लागेल, त्याआधी सोसायटीत सहमती व्हायला किती वर्षे जातील सांगता येत नाही, आणि तोवर जिना तोच आहे, असे त्या मुलाला म्हणाल्या. मुलाने त्यानंतर विरोध केला नाही.

अंमलबजावणी

सर्वांत जास्त वेळ ज्याने खाल्ला ती गोष्ट कोणाच्या यादीत नव्हती. कोथरूडची इमारत ३० वर्षांपेक्षा जुनी असल्याने कुटुंबाच्या बँकेने संरचनात्मक तपासणीचा दाखला मागितला. सोसायटीने ती तपासणी कधीच करून घेतली नव्हती. नोव्हेंबरमध्ये अभियंता शोधण्यापासून सुरुवात झाली आणि गच्चीवरील गळतीची दुरुस्ती सुचवणारा, पण इमारत राहण्यास योग्य असल्याचे सांगणारा अहवाल डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आला. बँकेच्या मूल्यांककाने घराची किंमत १०४ लाखच धरली. ५८ लाखांचे कर्ज त्या किमतीच्याही मर्यादेत बसत असल्याने मंजुरी टिकली. कुटुंबाने टाळेबंदीत जुन्या कर्जाचे तीन हप्ते पुढे ढकलले होते, त्याचाही खुलासा द्यावा लागला. ते ७ लाखांचे कर्ज त्यांनी बचतीतून फेडून मूळ कागदपत्रे सोडवून आणली. सोसायटीने हस्तांतर शुल्काशिवाय "इमारत निधी"साठी मोठी रक्कम मागितली होती. हस्तांतर शुल्काची २५,००० रुपयांची कमाल मर्यादा वकिलांनी लेखी दाखवून दिल्यावर ती मागणी मागे घेतली गेली.

पुरवठादाराच्या बाजूने एक बारीक पेच होता. विकसकाकडून येणारे ४४ लाख त्याच्या कॅश क्रेडिट खात्यातच जमा होणार होते, आणि तेथून ते घरासाठी बाहेर काढणे म्हणजे पुन्हा मर्यादेतूनच उचल झाल्यासारखे दिसले असते. तपासल्यावर एक गोष्ट लक्षात आली. ९० दिवसांपेक्षा जुनी येणी बँक उचल-क्षमता ठरवताना धरतच नव्हती. दोन वर्षांची ही थकबाकी त्या हिशेबात कधीच नव्हती. म्हणजे ती रक्कम आली आणि गेली तरी बँकेच्या तारणात काही घट होत नव्हती. शाखा व्यवस्थापकांनी तसे आगाऊ लिहून दिले. हे पत्र मिळाले नसते तर साखळी तेथेच तुटली असती.

नोंदणीसाठी डिसेंबरचा तिसरा आठवडा ठरला, तेवढ्यात विकसकाच्या सही करणाऱ्या भागीदाराला कोविड झाला. ३१ डिसेंबरपूर्वी शुल्क भरून दस्तावर सह्या केल्या तर नोंदणी पुढील चार महिन्यांत करता येते, हा आधार होता. पण तो वापरला असता तर सह्या आणि नोंदणी यांच्या मधल्या काळात काका-काकूंनी पैसे द्यायचे की नाही, हा प्रश्न उभा राहिला असता. म्हणून दुसऱ्या भागीदाराच्या नावे अधिकारपत्र करून घेतले आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तिन्ही करारनामे एकाच सह दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवले. सवलतीची मुदत संपत आल्याने कार्यालयाबाहेर रांग होती, सर्व्हर मधूनमधून बंद पडत होता, आणि तिसरा दस्त नोंदून होईपर्यंत संध्याकाळ झाली.

एका वर्षापूर्वी हे घडले असते तर पैसे दुसऱ्या दिवसावर गेले असते. १४ डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस चोवीस तास सुरू झाले होते, त्यामुळे वर्तुळ त्याच संध्याकाळी फिरले. काकांनी ४४ लाख विकसकाला पाठवले, विकसकाने शेठना, शेठनी कुटुंबाला आणि कुटुंबाने स्वतःचे १० लाख घालून ५४ लाख काकांना. त्यातले ३६ लाख लगेच वित्तसंस्थेकडे गेले. ५० लाखांवरील व्यवहारांत खरेदीदाराने टीडीएस कापायचा असतो. त्या वर्षी तो दर १ टक्क्याऐवजी पाऊण टक्का होता. कोथरूडच्या घरावर ८४,००० आणि कर्वेनगरच्या घरावर ६०,००० रुपये असा तो येत होता आणि त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर पुढे जाणारी रक्कम थोडी कमी पडत होती. ही तूट भरण्यासाठी लेखापालांनी प्रत्येकाला थोडी रक्कम आधीच बाजूला ठेवायला सांगितली होती.

निष्पत्ती

कुटुंबाच्या बँकेने जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात ५८ लाख दिले. काकांचा ओव्हरड्राफ्ट फिटला; पाच आठवड्यांचे व्याज सुमारे १६,००० रुपये झाले, ते विकसकाने दिले. पूर्ण शुल्क करारनाम्यावर भरलेले असल्याने खरेदीखते शंभर रुपयांच्या मुद्रांकावर झाली. काका-काकू महिनाअखेर नव्या घरात गेले आणि दोन घरांतील ३२ लाखांच्या फरकापैकी शुल्क व इतर खर्च जाता सुमारे २८ लाख त्यांच्या हाती राहिले. जुन्या घराचे १ एप्रिल २००१ चे वाजवी मूल्य १४ लाख धरून, २०२०-२१ च्या ३०१ या महागाई निर्देशांकाने भांडवली नफा सुमारे ७० लाख निघाला; ८० लाखांचे नवे घर घेतल्याने आयकर कायद्याच्या कलम ५४ खाली तो पूर्ण करमुक्त झाला. कुटुंबाचा हप्ता सुमारे ४५,००० रुपयांचा ठरला. शेठनी वारज्याचे घर भाड्याने दिले आणि उरलेले २ लाख विकसकाने चार धनादेशांत दिले. विकसक मोठ्या नफ्यात गेला असे म्हणता येणार नाही, पण त्याचे एक घर, एक थकबाकी आणि बोजाचा एक हिस्सा एकाच वेळी मार्गी लागला.

कोथरूडच्या सोसायटीने २०२३ मध्ये पुनर्विकासाचा ठराव केला. मुलाचा अंदाज खरा ठरला आणि त्याचा लाभ कुटुंबाला मिळेल.

काय वेगळे करता आले असते

संरचनात्मक तपासणी सप्टेंबरमध्येच हाती घेणे शक्य होते. जुन्या इमारतीतील घर साखळीत असेल तर खरेदीदाराची बँक ती मागणारच असे धरून चालावे, कारण एका घराचा उशीर तिन्ही घरांना लागतो. विकसकाच्या बाजूने सही करणारी दुसरी व्यक्ती समझोतापत्राच्या वेळीच अधिकृत करून ठेवायला हवी होती. साथीच्या काळात तर चारही पक्षांनी तशी सोय करायला हवी होती.

पुनर्विकासाच्या हिश्शाबाबत मात्र माझे मत वकिलांपेक्षा थोडे वेगळे आहे. वाढीव क्षेत्रातील हक्क ठेवणे बँकेला चालले नसते हे मान्य आहे. पण ठराविक वर्षांत पुनर्विकासाचा करार नोंदला गेल्यास कुटुंबाने एक ठरलेली रक्कम द्यावी, एवढाच वैयक्तिक स्वरूपाचा करार, घरावर कोणताही बोजा न ठेवता, करता आला असता. तो न्यायालयात वसूल करणे कठीण गेले असते. तरी दोन्ही कुटुंबांचे संबंध पाहता तो पाळला गेला असता असे मला वाटते. २ डिसेंबरनंतर तेवढा एक आठवडा चर्चेसाठी काढायला हवा होता, पण सवलतीच्या अंतिम तारखेपुढे तो कोणी मागितला नाही. तीन दस्तांवर मिळून वाचलेले शुल्क ७ लाख ८ हजार होते आणि त्यातील काका-काकूंच्या वाट्याला आले २ लाख ४० हजार. व्यवहार जानेवारीत गेला असता तर चौथ्या टक्क्यासाठी त्यांना ८०,००० रुपये जास्त पडले असते.

मानधनाबाबत एक नोंद. साखळी व्यवहारात प्रत्येक घरामागे टक्केवारीने मानधन घेतले तर मध्यस्थाचा कल किमती चढवण्याकडे आणि साखळी लांबवण्याकडे होतो. येथे एकच ठरलेली रक्कम घेतली, चौघांत वाटून, आणि तीही तिसऱ्या खरेदीखतानंतर. वित्तसंस्थेचे पत्र येईपर्यंतच्या पाच आठवड्यांत दोनदा विकसकाने साखळी सोडून काका-काकूंशी थेट ८३ लाखांत बोलणी करण्याचा प्रयत्न केला, तेव्हा सर्व आकडे चौघांसमोर उघडे असल्यामुळेच तो तेथल्या तेथे थांबला.